केळ्याचा वास: कुठे गुण, कुठे दोष

बिअरला मुळात चारच गोष्टी लागतात: पाणी, मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि साखरेचे मद्यार्क करणारे यीस्ट. सायडरला त्याहून कमी लागते. सफरचंदाचा रस आंबवला की सायडर तयार होते. मोठ्या कारखान्यातली बिअर वर्षभर, सगळीकडे एकाच चवीची राहावी यासाठी सगळी यंत्रणा राबते. क्राफ्ट म्हणून ओळखली जाणारी बिअर लहान प्रमाणात बनते आणि वेगळेपणा हेच तिचे भांडवल असते. महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची चळवळ पुण्यात रुजली. डूलाली या कंपनीने 2009 साली तिथे आपली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. पुढे पुण्या-मुंबईत अशा ब्रुअरींची संख्या वाढली. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्सने कोकम आणि मीठ घातलेली एल प्रकारची बिअर आणली, तर मूनशाइन मीडरीने मध आंबवून मीड बाजारात आणले. पूर्वी निवड दोन-तीन नावांतून करायची असे; आता एका फळ्यावर आठ-दहा प्रकार लिहिलेले असतात. निवड वाढली की तुलना येते आणि तुलनेमागोमाग गुण देणे येते.

गुण देताना दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. पहिला प्रश्न: हे पेय आवडले का? दुसरा: हे पेय जे व्हायचे होते ते झाले आहे का? पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याला ठाऊक असते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचे उत्तर तपासता येते, शिकवता येते, चुकले तर दाखवून देता येते. परीक्षणाचे सगळे शास्त्र या दुसऱ्या प्रश्नाभोवती उभे आहे.

चव म्हणून जे ओळखले जाते त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी कळतात. उमामीचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी 1908 मध्ये लावला. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा शाळेच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला गेला तो चुकीचा आहे. सर्व चवी कमीअधिक प्रमाणात जिभेवर सगळीकडे कळतात. घोट गिळताना घशामागून नाकात वर चढणारी वाफ उरलेले काम करते. नाक चोंदलेल्या माणसाला गव्हाची बिअर आणि साधी लॅगर बिअर यांत फारसा फरक कळत नाही, तो याच कारणाने.

या वासांपैकी एक वास खानदेशाला फार जवळचा आहे. पिकलेल्या केळ्याच्या वासामागे प्रामुख्याने आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे संयुग असते आणि तेच संयुग यीस्ट बिअरमध्येही तयार करते. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावलच्या बागांतून निघालेल्या केळ्याच्या गाड्या पाहत जळगावच्या पिंप्राळ्यात वाढलेल्या माणसाला हा वास ओळखायला शिकवावे लागत नाही. बव्हेरियातल्या हेफेवाइझेन या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास अपेक्षित असतो, सोबत लवंगेचा. तो आला नाही तर परीक्षक गुण कापतो. हाच वास पिल्सनर या स्वच्छ, तरतरीत लॅगरमध्ये आला तर तो दोष ठरतो, कारण आंबवण्याच्या टाकीचे तापमान हाताबाहेर गेले असावे किंवा यीस्टवर ताण आला असावा असा त्याचा अर्थ निघतो. लॅगर साधारण 8 ते 13 अंश सेल्सिअसला, संथपणे आंबते. एल त्याहून उबदार वातावरणात. यीस्ट उबेत काम करू लागले की फळांचे वास वाढतात. रेणू तोच, नाकाला होणारी जाणीवही तीच. निकाल मात्र उलटा.

खानदेशी स्वयंपाकघरात हा न्याय रोज चालतो. धुराचा वास नसेल तर भरीत फिके म्हणतात आणि धुरकटलेले दूध कोणी पीत नाही. बिअरच्या जगातही धुराचे असेच आहे. जर्मनीतल्या बाम्बर्ग शहराची राउखबिअर धुरावर वाळवलेल्या माल्टची असते आणि धूर हाच तिचा प्राण असतो. इतर बहुतेक प्रकारांत धूर आला तर काहीतरी बिघडले आहे असे समजतात.

सगळेच वास इतके सापेक्ष नसतात. लोण्याचा वास देणारे डायअसिटिल काही इंग्लिश एल आणि चेक लॅगरमध्ये अगदी थोडे चालते, एरवी दोष मानले जाते. उकडलेल्या मक्याचा वास बहुधा अपुऱ्या उकळीचा पुरावा असतो. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास बिअरमध्ये आला तर किण्वन पूर्ण होण्याआधीच ती बाहेर काढली असा संशय येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी झाली. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्ये तुटून येणारा गंधकासारखा उग्र दर्प बाटली उन्हात राहिल्याचे सांगतो. तपकिरी बाटली वापरतात ती हा प्रकाश अडवण्यासाठी. डेन्मार्कचे मॉर्टेन मेलगार्ड यांनी 1970 च्या दशकात अशा शंभराहून अधिक वासांची आणि चवींची नावे एका चक्रावर मांडली. त्या चक्रामुळे दोन देशांतले दोन परीक्षक एकाच दोषाला एकच नाव देऊ लागले. ‘चव बरी नाही’ या शेऱ्याने ब्रुअरला काही उमगत नाही. ‘मक्याचा वास येतो’ म्हटले की उकळीकडे पाहायचे हे त्याला कळते.

प्रकार ठरवल्याशिवाय गुण देता येत नाहीत, म्हणून प्रकारांची सूची लागते. इंग्लिश लेखक मायकल जॅक्सन यांच्या 1977 च्या ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ने बिअरची प्रकारवार ओळख करून देण्याचा पाया घातला. अमेरिकेत 1985 मध्ये सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमने परीक्षा घेऊन परीक्षक तयार केले आणि प्रत्येक प्रकाराचा रंग, वास, कडवटपणा व मद्यार्क किती असावा याची मार्गदर्शिका बनवली. त्यांची गुणपत्रिका 50 गुणांची आहे: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या पोताला 5 आणि एकूण परिणामाला 10. फोटोत खुलून दिसणारा रंग आणि फेस यांच्या वाट्याला 50 पैकी जेमतेम 3 येतात. 45 किंवा त्याहून अधिक गुणांची बिअर असामान्य, 38 ते 44 उत्कृष्ट, 30 ते 37 खूप चांगली, 21 ते 29 चांगली. त्याखाली दोष ठळक होत जातात. प्रत्येक रकान्यात आकड्याआधी शब्दांत टिपण लिहायचे असते आणि त्या टिपणावरूनच ब्रुअरला सुधारणा करता येते.

चाखण्याची रीतही ठरलेली आहे. सौम्य आधी, तीव्र नंतर. फिकट आधी, गडद नंतर. कमी कडू आधी, जास्त कडू नंतर. क्रम उलटला तर सौम्य बिअर पाण्यासारखी लागते आणि तिच्यावर अन्याय होतो. एका नमुन्यासाठी काही घोट पुरतात. पेला स्वच्छ हवा. त्याला साबणाचा अंश किंवा तेलकटपणा राहिला की फेस बसतो. प्रथम वास घ्यायचा, कारण उडून जाणारे वास काही क्षणांत कमी होतात, मग रंग आणि फेस पाहायचा, मग घोट. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे परीक्षक बहुधा थोडा गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतर किती आणि कसा रेंगाळतो हेही पाहायचे असते. मध्ये साधे पाणी आणि बिनमसाल्याचा पाव चालतो. अत्तर, सिगारेट आणि तिखट जेवण वर्ज्य. खानदेशी काळ्या मसाल्याची शेवभाजी खाऊन लगेच परीक्षणाला बसलेल्या माणसाची जीभ मिरचीच्या जळजळीत गुंतलेली असते. फार थंड पेयात वास दबतात. लॅगर साधारण 4 ते 7 अंशांना, एल त्याहून थोडी कोमट चाखली तर नेमके कळते.

सायडरचे निकष वेगळे. इंग्लंडमधल्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात 1903 मध्ये सायडरच्या सफरचंदांची आम्ल आणि टॅनिन यांच्या प्रमाणावरून चार गटांत विभागणी झाली: गोड, गोड-कडू, आंबट आणि आंबट-कडू. इंग्लिश किंवा फ्रेंच सायडरला जो तुरटपणा आणि भरीवपणा असतो तो या टॅनिनने येतो. भारतात काश्मीर आणि हिमाचलमधून येणारी सफरचंदे खाण्यासाठी लावलेली आहेत. त्यांत टॅनिन कमी. त्यांचे सायडर हलके, फळाळ आणि कमी तुरट होणार. इंग्लिश सायडरच्या निकषावर ते बेचव ठरेल. खाण्याच्या सफरचंदांपासून बनणाऱ्या सायडरचा मात्र स्वतंत्र गट मार्गदर्शिकेत आहे आणि भारतीय सायडरला न्याय तिथेच मिळतो. व्हिनेगरचा झोंबरा दर्प हा दोष दोन्हीकडे सारखाच. उंदराच्या पिंजऱ्यासारखा एक दर्प तर पेल्याचा वास घेताना येतच नाही. घोट लाळेत मिसळल्यावर काही क्षणांनी तोंडात उमटतो आणि काही जणांना तो जाणवतही नाही. म्हणून परीक्षक एकटा नसावा.

इतकी काळजी घेऊनही माणसाची जीभ चुकते. बोर्दोमधल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग दिला, तेव्हा वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता पुन्हा पुन्हा दिली. सुमारे दहातला एकच परीक्षक तिला सातत्याने एकाच पदकाच्या पट्ट्यात ठेवू शकला. हे निष्कर्ष वाइनचे असले तरी नाक आणि जीभ तीच असते. यावर उपाय म्हणजे नाव, किंमत आणि शक्य असल्यास रंगही झाकून चाखणे. 1940 च्या दशकात कार्ल्सबर्ग ब्रुअरीत वापरात आलेली त्रिकोण चाचणी त्याहून कडक आहे: तीन पेल्यांपैकी दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा जमते, त्याहून बरेच अधिक वेळा जमले तरच फरक खरा.

बिअरच्या ॲपवर हजारो लोक ताऱ्यांत जे गुण देतात ते बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असते. अशा याद्यांत गडद, जड, जास्त मद्यार्काच्या बिअरी वर जमतात आणि साधी, निर्दोष लॅगर खाली राहते. पहिल्याच घोटात ठसा उमटवणारे पेय जिंकते; लॅगर बनवताना मात्र दोष लपवायला जागा नसते आणि ब्रुअरचा कस तिथेच जास्त लागतो. लोकमत निरुपयोगी नाही, पण ते कशाचे मोजमाप आहे हे ओळखून वाचले पाहिजे.

मोजमापात हवामानही शिरते. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. बिअर शिळी होण्याचा वेग तापमानासोबत वाढतो. हॉप्सचा ताजा वास आधी जातो, पुठ्ठ्याचा वास मागून येतो. पुण्यात टाकीजवळ नळावरून घेतलेली बिअर आणि तीच कॅनमधून, उन्हातल्या प्रवासानंतर घेतलेली बिअर ही परीक्षकाच्या लेखी दोन वेगळी पेये आहेत. भरल्याची तारीख, साठवण आणि वाढतानाचे तापमान यांची नोंद नसेल तर कमी गुण ब्रुअरच्या हाताला द्यायचे की मालवाहू गाडीला, हे ठरत नाही.

खरी कसोटी लागते ती सूचीत न बसणाऱ्या पेयांसमोर. कोकम आणि मिठाची एल जर्मनीच्या गोझा या आंबट-खारट बिअरच्या जवळ जाते, पण गोझात धणे असतात आणि आंबटपणा जिवाणूंचा असतो. कोकमचा आंबटपणा फळाचा, त्याचा रंग आणि तुरटपणाही वेगळा. गोझाच्या फूटपट्टीने मोजली तर ती चुकलेली ठरेल, आणि फूटपट्टीच नको म्हटले तर कसलाही दोष ‘आमची शैली’ म्हणून खपून जाईल. मध आणि सफरचंद एकत्र आंबवलेल्या पेयाला मार्गदर्शिका मीडमध्येच घालते आणि सायझर म्हणते, त्यामुळे लेबलवर सायडरचे नाव आले तरी परीक्षण मीडच्या पत्रिकेवर व्हायला हवे. नव्या पेयाच्या बाबतीत आधी ब्रुअरने काय करायचे ठरवले होते ते लिहून द्यावे, परीक्षकाने जे जाणवले ते शब्दांत मांडावे, आणि अशी अनेक वर्णने जुळू लागल्यावर आकडा यावा. केळ्याच्या वासाला गव्हाच्या बिअरमध्ये मान मिळाला तो बव्हेरियात पिढ्यान्‌पिढ्या तो वास अपेक्षित राहिला म्हणून. कोकमच्या बिअरची अपेक्षा महाराष्ट्रातल्या चाखणाऱ्यांनाच घडवावी लागेल.

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि कायद्याने परवानाही लागतो. परीक्षणात तर मात्रा कमीच ठेवावी लागते, कारण मद्यार्क चढू लागला की नंतरच्या नमुन्यांचे गुण विश्वासार्ह राहत नाहीत. पेयाचा प्रकार, ताजेपणा, चाखण्याची परिस्थिती आणि दोन ओळींचे वर्णन सोबत असेल तरच गुणाचा आकडा विचारात घ्यावा. त्यांच्याविना आलेला आकडा एका माणसाच्या आवडीपलीकडे काही सांगत नाही.