अबोल माणसाची साक्ष

ख्रिस्ती माणसानं आपल्या श्रद्धेची चारचौघांत साक्ष द्यावी, असं म्हणतात. कबूल! पण ज्याला कंडक्टरकडे उरलेले सुटे पैसे मागतानाही घाम फुटतो, त्यानं काय चौकात भाषण ठोकावं?

अशा माणसानं योहानाचं शुभवर्तमान काढून अंद्रियाला भेटावं. येशूच्या या शिष्याचं एकही भाषण बायबलात नाही. त्यानं आधी सख्ख्या भावाला गाठलं, मसीहा सापडल्याचं सांगितलं आणि येशूकडे नेलं. संपलं! तो भाऊ म्हणजे पेत्र. पुढं यरुशलेमेत त्याच्या एका भाषणानं सुमारे ३००० माणसांचा बाप्तिस्मा झाला.

पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. ओळख देणाऱ्याला वक्तृत्व लागत नसे; त्याचं स्वतःचं खातं तेवढं चालू हवं. अंद्रिया तसा.

मात्र यात एक मेख आहे. अबोलपणा हा स्वभाव झाला. पण दुःखानं खचलेल्या शेजाऱ्यानं आपणहून विचारलं, 'तुम्हाला हो कुठून येतं हे बळ?' आणि तरीही आपण पावसापाण्याचंच बोलत राहिलो, तर त्याला अबोलपणा म्हणत नाहीत, भीती म्हणतात. तिथं दोन वाक्यं पुरतात; फक्त ती पाठ केलेली नसावीत.