खालच्या अंगाचा शेजारी

नरकचतुर्दशीच्या पहाटे तांब्याच्या घंगाळात ऊन पाणी काढले, की आजी त्यावर हात धरून सात नद्यांची नावे घेई: गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. एवढ्या नद्या आमच्या न्हाणीत मावतात कशा, हे कोडे मला तेव्हा पडे. आता पडते ते निराळे. नदीला आई म्हणणाऱ्या माणसाचे, त्याच आईच्या इतर लेकरांशी नाते काय?

संस्कृती नदीकाठी जन्मल्या, हे आपण सर्वांनीच शाळेत घोकले आहे. पाणी होते, गाळाची जमीन होती, म्हणून नगरे वसली. पण पाणी आणि गाळ बगळ्यांनाही मिळत होते. त्यांनी काही नगरे वसवली नाहीत. नदीने माणसाला आणखी काही दिले. मला वाटते, तिने त्याला शेजारी दिला.

आजच्या इराकमधल्या युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्या पाहा. त्यांना पूर येतो तो वसंत ऋतूत, नेमके पीक कापणीला आलेले असताना. म्हणून तिथे बांध घालावे लागले, पाट खणावे लागले. आणि बांधाची गंमत अशी, की तो फुटतो माझ्या शेताशी आणि बुडते ते शेजाऱ्याचे शेत. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० च्या सुमारास बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाने काळ्या दगडावर कायदे कोरविले. त्यांतला एक असा: ज्याच्या आळसामुळे बांध फुटला, त्याने शेजाऱ्यांचे बुडालेले धान्य भरून द्यावे. ते जमले नाही, तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून ते पैसे शेजाऱ्यांनी वाटून घ्यावेत. शिक्षा कठोर खरी. पण माझा आळस ही माझी खासगी बाब नाही, हे त्या दगडाने किती स्वच्छ सांगितले!

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, तर बरे झाले असते. थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या संशोधकांनी १९५८ साली असे मांडले, की त्याच मुलखाच्या दक्षिण भागात शतकानुशतके पाटाचे पाणी दिल्याने जमिनीत मीठ चढत गेले, आणि गव्हाची जागा खारटपणा सोसणाऱ्या सातूने घेतली. या मताविषयी पुढे वाद झाले. पण पाण्याचा निचरा नसेल तर जमीन खारावते, हे सांगायला इराकपर्यंत जायला नको. आपल्या कृष्णाकाठी उसाला वारेमाप पाणी देऊन चोपण झालेली रानेच ते सांगतील.

इथे हम्मुराबीचा दगड मुका होतो. कारण इथे आळशी कोणीच नव्हता. सगळे कष्टाळू होते, पोराबाळांच्या तोंडी घास पडावा म्हणूनच राबत होते. नुकसान झाले ते शेजारच्या शेतातल्या माणसाचे नव्हे, तर अजून जन्मालाही न आलेल्याचे. तो दाद कुणाकडे मागणार?

अशा माणसाला अपराधी म्हणायला माझे मन धजत नाही. पण त्याला ऋणातून मोकळाही म्हणवत नाही. आपल्या पूर्वजांनी तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. पितर म्हणजे काळाच्या ओघातले वरच्या अंगाचे लोक. पण त्यांचे ऋण फेडायचे कसे? संततीच्या द्वारे. म्हणजे घ्यायचे वरच्यांकडून आणि द्यायचे खालच्यांना. पाटाचा नियमही हाच. मग संतती दिली, पण तिच्या हाती खारवट रान ठेवले, तर ते ऋण फिटले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या न्हाणीचे पाणी मोरीतून परसातल्या केळींना जाई. सणाच्या गडबडीत ती वाट तुंबली, की आजी स्वतः खराट्याने मोकळी करी आणि मगच फराळाला बसे. सात नद्यांची नावे मी पाठ केली होती. खराटा मात्र कधी हाती घेतला नाही.