खुडूक कोंबडी आणि अवधूताचा आठवा गुरू



आजचं चिंतन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ७. अवधूताचा आठवा गुरू, कपोत.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. जवळ काहीच नाही, तरी चेहऱ्यावर आनंद. राजा विचारतो, हा आनंद आला कुठून? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य आणि मग आठवा कपोत, म्हणजे कबूतर.

आधीच्या सातांकडून काय करावं ते शिकायचं. या आठव्याकडून काय करू नये ते. रानात कबुतराचं एक जोडपं राहत होतं. एकमेकांशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नसे. पिल्लं झाली. दोघं चारा आणायला गेलेली असताना पारध्यानं पिल्लांना जाळ्यात पकडलं. त्यांचा आक्रोश ऐकून आई स्वतःहून जाळ्यात गेली. आणि बाप, समोर जाळं दिसत असूनही, रडत रडत आत शिरला. पारध्याचं काम झालं. सगळं कुटुंब घेऊन तो घरी गेला.

इथे मी दरवेळी अडते. आईबापांनी काय करायला हवं होतं? उडून जायचं? लेकरांवरची माया हा दोष कसा?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला नांदुऱ्याला, घरामागच्या बागेत मिळालं.

नांदुरा म्हटलं की लोकांना हायवेलगतची १०५ फुटी हनुमानमूर्ती आठवते. मला मात्र आईची बाग आठवते. जास्वंद, पारिजातक, कडुलिंब आणि त्यांच्यात फिरणाऱ्या पाच बँटम कोंबड्या. बँटम म्हणजे बुटक्या जातीची शोभेची कोंबडी. जावा बेटावरच्या बांतेन बंदराचं नाव तिला चिकटलं. आमच्यातल्या काहींच्या पायांवरही पिसं आहेत, चालताना पायमोजे घातल्यासारखी दिसतात. बाबा गेल्यावर आईनं त्या आणल्या. आमचं घर माळकरी, त्यामुळे खाण्याचा प्रश्नच नाही. सकाळी हरिपाठ झाला की आई खुराडं उघडते.

या कोंबड्या पटकन खुडूक बसतात. एकदा बसली की एकवीस दिवस जागा सोडत नाही. दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घोळून परत जाते. पोटावरची पिसं गळतात, म्हणजे कातडीची ऊब थेट अंड्याला लागते. चोचीनं अंडी फिरवत राहते. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू कवचाच्या आतून चिवचिवतं आणि ती बाहेरून हळू आवाजात त्याच्याशी बोलते. तपश्चर्या म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं.

पिल्लं बाहेर आली की घार दिसताच ती एक आवाज काढते आणि सगळी पंखाखाली पळतात. मांजर आलं तर ही एवढीशी कोंबडी अंग फुगवून त्याच्यावर धावून जाते. माया कमी आहे, असं कोण म्हणेल?

पण साधारण दीड-दोन महिने झाले की एक दिवस तीच आई पंखाखाली शिरणाऱ्या पिल्लाला टोचते. पुन्हा आलं की पुन्हा टोचते. मला ते बघवेना. आई शांतपणे म्हणाली, "काऊन वं, तुले वाईट वाटते? तिनं आता हाकललं नाई, तं थे दाणा शोधाले शिकतीन कशे?"

कोंबडीला वैराग्य कळतं, असं मी म्हणत नाही. तिच्या शरीरातलं संप्रेरक कमी होतं आणि ती पुन्हा अंड्यावर येते. पण पृथ्वीनं तरी अवधूताला कुठे प्रवचन दिलं होतं? शिकणारा शिकतो.

आता कपोताकडे परत जाऊ. मांजरावर धावून जाणाऱ्या कोंबडीनंही जीव धोक्यात घातला, पण त्यानं पिल्लं वाचली. कपोत जाळ्यात शिरला, त्यानं कोण वाचलं? कोणीच नाही. ती उडी पिल्लांसाठी नव्हती. पिल्लांशिवायचं जगणं त्याला सोसवेना, म्हणून ती होती. मला वाटतं, माया आणि मोह यांच्यातली रेघ इथेच आहे. माया विचारते, समोरच्याचं भलं कशात आहे? मोह विचारतो, माझं कसं होणार? बाहेरून दोन्हींचे अश्रू सारखेच दिसतात. म्हणून तर अवधूत सावध करतो : माणसाचा जन्म म्हणजे मुक्तीचं उघडं दार, तिथवर येऊन घरट्यात अडकू नका.

आणखी एक गोष्ट सहज सुटून जाते. ही कथा सांगतंय कोण? श्रीकृष्ण. कोणाला? उद्धवाला. कधी? देव निजधामाला निघालेले असताना. उद्धव विनवतोय, मलाही सोबत न्या. देव त्याला नेत नाहीत. आधी जवळ बसवून सगळं ज्ञान देतात आणि मग बदरिकाश्रमाला पाठवतात. एकवीस दिवसांची ऊबही त्यांचीच आणि पंखाबाहेर काढणंही त्यांचंच. उद्धवावर देवाचं प्रेम कमी होतं का?

हे मी आज लिहितेय, कारण प्रश्न माझ्याच दारात उभा आहे. मी पुण्यात नोकरी करते, आता बदली बंगळुरूला होतेय. आईला सोबत न्यावं असं मला वाटतं. ती नाही म्हणते. तिचं भजनी मंडळ, तिची बाग, तिच्या कोंबड्या. या माझ्या आग्रहात तिची काळजी किती आणि माझी भीती किती? अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. तिला कधी खरंच गरज पडली तर सगळं टाकून जायचं, यात शंका नाही; ते मांजरावर धावून जाणं झालं. पण तिची इच्छा मोडून तिला माझ्या पंखाखाली ओढणं, ते काय झालं? तूर्तास एवढं ठरवलंय की आग्रह थांबवायचा आणि रोज रात्री फोनवर दोघींनी मिळून हरिपाठ म्हणायचा.

तुमच्यापैकी बरेच जण घरापासून लांब असाल. कोणाची आई दिवसातून चारदा फोन करत असेल, कोणी नात्यात अडकून पडलं असेल, कोणी घरी परतावं की नाही या विचारात असेल. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल, प्रश्न मात्र एकच.

आजचा नेम : रात्री नामजपाला बसण्याआधी ज्या माणसाची सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्याचं नाव मनात घ्या. मग देवाला साक्षी ठेवून स्वतःला विचारा, यात त्याचं भलं किती आणि माझी भीती किती? जी भीती निघेल ती पांडुरंगाच्या पायावर ठेवा. जी माया उरेल ती खुशाल जवळ ठेवा.

उद्या नववा गुरू, अजगर.

राम कृष्ण हरी!