ओळंबा आणि डोंगर



गवंड्याच्या हातातला ओळंबा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. दोरीच्या टोकाला शिशाचा किंवा पितळेचा निमुळता गोळा, एवढेच ते साधन. कीर्तनात चाळीस वर्षे मी त्याचा दृष्टान्त दिला. मन ओळंब्यासारखे असावे, कोणी कितीही हलवले तरी शेवटी आपल्या सरळ रेषेत येऊन थांबावे. श्रोते माना डोलवत. तो दृष्टान्त अपुरा आहे हे एका निवृत्त मोजणीदाराने मला दाखवले. ते आज तुम्हाला सांगायचे आहे, कारण त्यात माझा स्वतःचा एक दोष गुंतलेला आहे.

माउलींच्या पालखीबरोबर आमची दिंडी लोणंदला मुक्कामाला होती. राहुटी उभी राहिली आणि एका गृहस्थांनी पिशवीतून ओळंबा काढून मधल्या खांबाला लावून पाहिला. पोरे हसली. तेही हसले. म्हणाले, "उभा जन्म शेतं मोजण्यात गेला, आता सवय जात नाही. घरी देवघरातल्या पांडुरंगालासुद्धा एकदा लावून पाहिला होता."

"मग? सरळ निघाला का?"

"देव सरळच होता. भिंत कललेली निघाली."

हरिपाठ झाल्यावर आम्ही बोलत बसलो. मोजणीदारांच्या जगात या एवढ्याशा गोळ्यावरून किती मतभेद असतात, ते मला त्या रात्री कळले. तिपाईखाली ओळंबा सोडायचा आणि त्याचे टोक जमिनीतल्या खुणेच्या नेमके माथ्यावर आणायचे, तेव्हा कुठे मोजणी सुरू होते. एक पक्ष म्हणणार, ओळंबा जडच हवा, वाऱ्याला दाद देत नाही. दुसरा म्हणणार, दिवसभर ढेकळांतून तो वागवायचा कोणी? वारा फारच असला तर गोळा पाण्याच्या बादलीत बुडवायचा, म्हणजे झोके लवकर मरतात. "आणि बादली नसेल तर," ते म्हणाले, "सरळ चहा प्यायचा. वाऱ्यालाही कंटाळा येतो." नव्या पोराला ते सांगायचे, जा, कचेरीतून उतरत्या जमिनीचा ओळंबा घेऊन ये. एक बिचारा खरोखरच दोन कोस जाऊन आला होता.

आता लेझरचा ठिपका पाडणारी यंत्रे आली आहेत. त्यांची त्यांनी निंदा केली नाही, पण म्हणाले, "ठिपका यंत्रातून येतो महाराज. यंत्र बिघडले की ठिपकाही बिघडतो. ओळंबा पृथ्वी धरते."

मला राहवले नाही. मी माझा दृष्टान्त त्यांना ऐकवला. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला आणि म्हणाले, "ओळंबा खोटे बोलत नाही हे खरे. पण मोठ्या डोंगराजवळ तो वाकतो."

ही गोष्ट मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिली. इंग्रजांच्या काळात, १८०२ साली, विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासहून या देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. तेच काम करीत ते उत्तरेकडे येत असता १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले. तिथेच त्यांची कबर आहे. पुढे एव्हरेस्ट यांनी ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मध्य भारतातले कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठिकाणांतले अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. ते दोन वाटांनी काढले होते: एकदा जमिनीवर मापे आणि कोन घेऊन, आणि एकदा ताऱ्यांवरून. ताऱ्यांची उंची ज्या उभ्या रेषेवरून मोजतात, ती ओळंब्याचीच. दोन्ही उत्तरांत पाच विकलांहून थोडा अधिक फरक पडला. जमिनीवर तो सुमारे एकशेसाठ मीटर भरतो. हिमालयाचा प्रचंड भार ओळंब्याला आपल्याकडे ओढत होता.

इथे एक गंमतही आहे. कलकत्त्याचे एक ख्रिस्ती धर्माधिकारी, प्रॅट, यांनी १८५५ मध्ये हिमालयाच्या आकारावरून हिशेब केला, तर ओढ जवळजवळ तिप्पट निघाली. म्हणजे डोंगर दिसतो त्या मानाने ओढतो कमी. त्याच वर्षी एअरी यांनी कारण सुचवले की डोंगराचे मूळ हलक्या खडकाचे असून ते खाली खोलवर गेलेले असते. मोठ्या घरांच्या बाबतीतही असेच असावे असे मला कधी कधी वाटते, पण तो विषय वेगळा.

खरी मेख पुढे आहे. कलियानात उभ्या असलेल्या माणसाला हे कळणार कसे? डोंगराच्या ओढीने ओळंबा वाकला, तशी भांड्यातल्या पाण्याची पातळीही त्याच मापाने कलली. दोहोंत काटकोन कायम. तिथली सगळी साधने एकमेकांना दुजोरा देणार. वाकलेपण कळले ते सहाशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठिकाणाशी ताळा घातला म्हणून.

आपले शास्त्र स्फटिकाचा दृष्टान्त देते. जवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल भासतो, फूल काढले की स्वच्छ. तो मुळात लाल झालेलाच नसतो. आत्म्यासाठी हा दृष्टान्त योग्य आहे. पण आपण जिला मनाची साक्ष म्हणतो आणि व्यवहारात जिच्यावर विसंबतो, ती स्फटिक आहे की ओळंबा? ओळंबा वाकल्याचा नुसता भास होत नाही. तो खरोखर वाकतो, आणि त्याला स्वतःला ते सरळच वाटत असणार.

आता माझी गोष्ट. आमच्या गावात दोन शेतांच्या बांधावरून वाद होता. पुराने बांध वाहून गेला होता. एक घर मोठे, सप्ताहातली एक पंगत दरवर्षी त्यांची. दुसरा शेतकरी बेताचा. जुनी हद्दीची बाभूळ कुठे होती, हे पंचांनी मला विचारले. मी डोळे मिटून आठवले, आणि जे दिसले ते सांगितले: पाटाच्या पलीकडे. मी खोटे बोललो नाही, आजही शपथेवर सांगेन. बेताच्या शेतकऱ्याचे दोन गुंठे गेले. मोजणी मागव, असे त्याला लोकांनी सुचवले होते, पण तो म्हणाला, महाराजांनी सांगितले, आता मोजणी कशाला?

त्या रात्री लोणंदला, गावापासून आणि त्या घराच्या जेवणावळीपासून लांब, मला झोप आली नाही. बाभळीखाली लहानपणी शेंगा वेचल्या होत्या, ते आठवले. शेंगांची पाटी घेऊन पाट ओलांडावा लागत नसे. पाट ओलांडल्याची आठवणच नाही.

वारीहून परतल्यावर मी दोन्ही घरी गेलो. मोठ्या घरी मला बसायला पाट दिला आणि म्हणाले, "महाराज, वय झाले तुमचे." दुसऱ्या घरी तो शेतकरी आता नव्हता, शेतही विकले होते. त्याच्या बायकोने चहा केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम बोलला न्हाईत, येवढं आमाला ठावं हुतं बाबा." तिने दोष दिला असता तर बरे झाले असते.

पुढच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला मला बोलावणे आले नाही. तेव्हापासून त्या घराविषयी मी काही बोललो की थबकतो. पूर्वी त्यांच्या उपकाराची ओढ होती, आता रागाची नसेल कशावरून? माझ्या घरात बसून मला ते तपासता येत नाही. म्हणून या लेखात मी त्या घराचे नाव लिहिलेले नाही.