समुद्रावरचा न्याय

मांडवीच्या बंदरावर संध्याकाळी बसले म्हणजे उजव्या हाताला रत्नदुर्गाची काळी सोंड समुद्रात शिरलेली दिसते आणि डाव्या हाताला भाट्याची खाडी. समोर काहीच नाही, नुसते पाणी. जमिनीवर ज्याचे काही उरले नाही त्याने जावे कुठे, असा प्रश्न या जागी मनात यायला फार विद्वत्ता लागत नाही. माझ्या मनात तो प्रथम आला १९५३ साली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि तो आणून दिला माझ्या आत्याने.

आत्या आमच्याच घरी राहत असे. १९४१ साली ती सासरहून परत आली, पण तिचा चार वर्षांचा मुलगा तिथेच राहिला. घरात त्याचे नाव कोणी काढीत नसे. आत्या मात्र मला एका बोलपटाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. लग्नानंतर मुंबईला नवऱ्याबरोबर तिने तो पाहिला होता. प्रभात कंपनीचा, शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेला, १९३६ सालचा ‘अमरज्योति’. त्यात दुर्गाबाई खोटे सौदामिनी झाल्या होत्या. राज्याचा न्यायमंत्री दुर्जय सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो. न्यायासनानेच पाठ फिरवल्यावर ती समुद्र गाठते, चाच्यांची नायिका होते, राजघराण्याचे जहाज पकडते आणि हाती सापडलेल्या दुर्जयाचा पाय छाटून टाकते.

चारच वर्षे आधी, १९३२ साली, याच दुर्गाबाई ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती होत्या. तारामतीचेही राज्य जाते, पोर जाते, ती स्वतः विकली जाते. पण ती सोसते, आणि सोसण्याच्या शेवटी तिला सारे परत मिळते. एकाच चेहऱ्याने प्रेक्षकांना दोन उत्तरे दिली. आपण पूजा तारामतीची करतो. प्रश्न असा, की शेवटी देव येणार नसेल तर तारामतीने काय करावे?

असल्या गोष्टींचे वेड परदेशांतही होते. आत्या मला सौदामिनी ऐकवीत होती त्याच १९५३ साली तिकडे इटलीत साल्गारीच्या कादंबरीवरून ‘योलांदा, काळ्या कोर्सेअरची मुलगी’ हा चित्रपट निघाला. पुढे १९६०-६१च्या सुमारास तलवार घेतलेल्या समुद्रकन्यांचे आणखी चित्रपट तिथे आले; मेरी रीडवरही एक आला. त्यांतले काही मी उतारवयात पाहिले. जहाजे, दोरखंड, झुलत येणाऱ्या नायिका, सगळे मजेचे. पण एक गोष्ट मला टोचली. योलांदाच्या नावातच बाप आहे आणि तिची तलवार बापाच्या वैऱ्यांसाठी आहे. असे बंड जगाला पटकन मानवते. ते घराण्याच्या हिशेबात बसते. सौदामिनी मात्र आईचा हक्क मागते. तो कोणत्याच घराण्याच्या वहीत मांडलेला नसतो.

खरी मेरी रीड ॲन बॉनीबरोबर १७२० साली जमेकात पकडली गेली. दोघींना फाशीची शिक्षा झाली, दोघींनी गरोदर असल्याचे सांगितले म्हणून ती लांबली, आणि मेरी तुरुंगातच मेली. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे परक्या जहाजांकडून दस्तक मागत होते आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणत होते. आपण त्यांना सरखेल म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण कान्होजींच्या पाठीशी साताऱ्याची गादी होती. ज्याच्या पाठीशी गादी नाही त्याला सरखेल कोण म्हणणार? म्हणून नुसत्या नावावरून न्याय ठरत नाही. दुसरी कसोटी हवी.

ती कसोटी मला ग्रंथांत सापडली नाही, आत्याच्या बोलण्यात सापडली. पाय छाटण्याचा प्रसंग सांगून झाला की मी खूष होऊन टाळ्या वाजवी. एकदा ती म्हणाली, “पाय तोडून काय मिळालं रे तिला? मी असते तर त्याच्याकडे पाहिलंही नसतं. पोर उचललं असतं आणि होडीत बसले असते.”

या एका वाक्यात मला सारे दिसते. कायद्याने ज्याचे हिरावले त्याने ते परत घेण्यापुरता कायदा ओलांडला, तर त्याला दोष देणे मला जमत नाही. पण त्याच्या पलीकडे एक पाऊल पडले, की समुद्रावर नवे न्यायासन उभे राहते. तिथे फिर्यादीही तीच, न्यायाधीशही तीच, आणि दाद मागायला जागा नाही. म्हणजे पुन्हा दुर्जयच.

इथे थांबलो असतो तर निबंध नीट झाला असता. पण मग आत्याने होडी का काढली नाही? माझे वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी तिला सांगितले होते, “कायदा आपल्या बाजूचा नाही.” ते खोटे नव्हते. १८९०च्या कायद्याने बाप जिवंत आणि लायक असेपर्यंत न्यायालयाला दुसरा पालक नेमताच येत नसे. १९५६ साली नवा कायदा आला, पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहील असे म्हणाला. तेव्हा आत्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्या कायद्यानेही पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असाच क्रम ठेवला. त्या ‘नंतर’चा अर्थ बापाच्या मरणानंतरच असा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले १९९९ साली. आत्या तोवर नव्हती.

वडिलांनी कायदा खरा सांगितला, पण ते एकदाही तिच्याबरोबर राजापूरकडच्या त्या गावी गेले नाहीत. दार वाजवायला कायद्याची मनाई नव्हती. आम्ही तिच्या सोशिकपणाचे कौतुक केले, कारण त्या कौतुकात आमचे काही खर्च होत नव्हते. चाच्यांचा न्याय करायला आपण उत्साहाने बसतो. पण एखादीला समुद्राखेरीज वाट उरू नये याला कारण पुष्कळदा दुर्जय एकटा नसतो. किनाऱ्यावर सज्जन माणसे उभी असतात, आणि त्यांतल्या कुणाचीही होडी सुटत नाही.

त्या दिवशी आत्याचे वाक्य ऐकून मी विचारले होते, “होडी कोण वल्हवणार?”

ती हसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तो प्रश्न मी तिला विचारला, असे मला तेव्हा वाटले होते.