रिकामा रकाना

२४ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी आमच्या सोसायटीतला एक तरुण पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात आला. "काका, तोंड गोड करा. बदला पुरा." मी पेढा घेतला आणि खाल्लाही. आदल्या संध्याकाळी बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला होता. पेढा गिळून झाल्यावर मला आठवलं, की मी एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केलेला माणूस आहे.

कनिष्ठ लिपिकापासून बेंच क्लार्कपर्यंत माझी नोकरी झाली. रोजनामा लिहायचा, मुद्देमालाच्या नोंदी तपासायच्या, साक्षीदाराला शपथ द्यायची. राहतो अंबरनाथला, शिवमंदिरापासून चालत पंधरा मिनिटांवर. माझी नात बदलापूरला बालवाडीत जाते. ज्या शाळेत ते घडलं तिथे नाही, दुसऱ्या शाळेत. पण वय तेच. २० ऑगस्टला बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले आणि दहाएक तास गाड्या बंद राहिल्या, तेव्हा मी अंबरनाथच्या फलाटावर उभा होतो. लोकांचा राग मला परका वाटला नाही. चार वर्षांच्या मुलीची तक्रार घेऊन आलेल्या आईला पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं गेलं, हे कळल्यावर कुणाचं डोकं ताळ्यावर राहील?

म्हणून पेढा देणाऱ्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी गाठलं आणि म्हटलं, "मी काल चूक केली," तेव्हा त्याने जे विचारलं त्याचा मला राग आला नाही. तो म्हणाला, "काका, तुमच्या नातीच्या बाबतीत झालं असतं तर?"

मी खरं उत्तर दिलं. झालं असतं तर मीच कोयता घेऊन धावलो असतो. आणि म्हणूनच त्या खटल्यात मला न्यायाधीशाच्या खुर्चीत कुणी बसू दिलं नसतं. ज्याचं काळीज जळतंय त्याने निवाडा करायचा नाही, हे आपल्या समाजाने हजार चुका करून शिकून घेतलं आहे. त्याला हे पटलं नाही. तो मान हलवून आत निघून गेला.

त्याला न पटण्याचं कारण माझ्याच खात्यात होतं. एका कोर्टात माझ्यासमोर एक मुलगी साक्षीला आली. तक्रारीत तिचं वय आठ होतं, साक्षीच्या दिवशी चौदा. सरकारी वकील विचारत होते आणि ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत एकेका प्रश्नाला म्हणत होती, "आठवत नाही." आरोपी सुटला. पोक्सो कायदा २०१२ चा. कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तोवर वर्षात निकाल, असं तो सांगतो. तिची सहा वर्षं कुठे गेली? एकेक तारीख कशी पडली ते मी पाहिलं आहे. कधी पोलीस साक्षीदार बंदोबस्तात, कधी कागद आला नाही, आणि कधी टेबलाखालून पन्नासची नोट सरकली म्हणून पुढची तारीख लांबची. ती नोट मी घेतली नाही. पण पाहिली, आणि पाहून रोजनामा लिहीत राहिलो. आज दारोदार पेढे वाटले जातात त्यात त्या पन्नास रुपयांचं व्याज आहे, असं मला वाटतं.

भ्रष्ट या शब्दाचा मूळ अर्थ घसरलेला, आपल्या जागेवरून ढळलेला. पैसे खाणं हा त्याचा फक्त एक प्रकार. तक्रार लिहायच्या जागी बसून न लिहिणारा अंमलदार ढळलेला आहे. नोट बघून गप्प बसणारा कारकून ढळलेला आहे. आणि कोठडीतल्या माणसाचा जीव सांभाळणं हे ज्याचं काम, त्यानेच तो जीव घेतला असेल, तर एकही रुपया न घेता तोही तितकाच ढळलेला आहे.

"घेतला असेल" असं मी जाणून लिहितो. पोलिसांचं म्हणणं असं, की आरोपीने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून बचावासाठी गोळी चालवावी लागली. दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला. त्याने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं आणि एवढ्या बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हटलं. पण चौकशी अहवाल म्हणजे निकाल नव्हे. त्या पाच जणांनाही वकील हवा, उलटतपासणी हवी, संशयाचा फायदा हवा. जे मी त्या आरोपीसाठी मागतो तेच त्यांच्यासाठी मागितलं नाही, तर माझ्या बोलण्याला अर्थ नाही.

नारायणराव पेशव्यांची गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. मारणारे गारदी वाड्याच्याच पगारावरचे, राखणीचे. पत्रात 'धरावे' होतं त्याचं 'मारावे' झालं, अशी आख्यायिका. 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण त्याचं वजन विसरलो आहोत. धरणं हेच पोलिसांचं काम आहे. अटक, कोठडी, कैद्याला गाडीत घालून इकडून तिकडे नेणं, सगळं धरणंच. त्या संध्याकाळी गाडीत काय झालं ते कोर्ट ठरवेल. पण पेढा खाताना मी मात्र मनातल्या मनात 'ध' खोडून 'मा' लिहिला होता, हे मला ठाऊक आहे.

त्याच गोष्टीत पुढे न्यायाधीश रामशास्त्री येतात. त्यांनी आधी चौकशी केली. मग नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्या तोंडावर सांगितलं, की दोष तुमचा आहे आणि याला देहान्त प्रायश्चित्त. ते अमलात आलं नाही. रामशास्त्रीच पुणे सोडून गेले. तरीही अडीचशे वर्षं आपण त्यांचं नाव घेतो, ते का? मला वाटतं, शिक्षेच्याही आधी एक गोष्ट असते: दोष उच्चारला जाणं. प्रायश्चित्त जिवंत माणसाचं असतं. त्याने ऐकलं पाहिजे, त्याचं तोंड उतरलं पाहिजे. गोळीने मेलेल्याला काहीच ऐकावं लागत नाही.

दोष उच्चारण्याचं हे काम फक्त पेशवाईतच झालं असं नाही. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला पोलिसांनी वाशीतून उचललं. त्याचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील. रात्री तो चकमकीत मारला गेल्याची बातमी येण्याआधी, दुपारीच, घरच्यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते, की आमच्या माणसाला नेलं आहे. त्या कागदांवरच्या वेळा पुढे कोर्टात बोलल्या. लखनभैयावर गुन्हे होते; भाऊ तो साधू आहे असं म्हणत नव्हता, त्याला कोर्टात आणा एवढंच म्हणत होता. तपास करायला उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नेमलं ते एका पोलीस अधिकाऱ्यालाच, उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांना. स्वतःच्या खात्यातल्या माणसांविरुद्ध पुरावे गोळा करणं काय असतं हे खाकीच्या जवळ राहिलेल्यालाच कळतं. ठाण्यात चहाला कुणी हाक मारत नाही. साक्ष द्यायला काही दिवस उरले असताना एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. तरी २०१३ मध्ये एकवीस जणांना जन्मठेप झाली, त्यात तेरा पोलीस. तेव्हा सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने दोषी धरलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील झालं. उच्च न्यायालयाच्या त्या खंडपीठावर न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे होत्या. पुढे बदलापूरच्या आरोपीच्या मृत्यूचं प्रकरणही त्यांच्याच खंडपीठासमोर आलं.

त्या आरोपीला मातीही मिळेना. बदलापूर, अंबरनाथ, सगळीकडे विरोध झाला. पुढे पुन्हा तपासणी लागली तर देह हाताशी असावा, म्हणून घरच्यांना दहन नको, दफन हवं होतं. शेवटी जागा शोधा असं उच्च न्यायालयाला पोलिसांना सांगावं लागलं आणि २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन झालं. तिथेही खणलेला खड्डा लोकांनी बुजवला होता. मी कोर्टात जाता-येता त्या शहरातून वर्षानुवर्षं गेलो आहे. फाळणीत घर हरवलेल्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, त्यातून ते शहर उभं राहिलं. तिथे एका मेलेल्या माणसाला साडेतीन हात जमीन नाकारली जावी याचा मला फार त्रास झाला. रावण पडल्यावर मरणाबरोबर वैर संपलं म्हणून रामाने बिभीषणाला अंत्यसंस्कार करायला लावले, ही कथा आपण घरोघर सांगतो. प्रतापगडाच्या पायथ्याला अफझलखानाची कबर आहे. त्यांचे अपराध काय लहान होते?

दफनानंतरच्या सोमवारी मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. शके ९८२ मधला, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे देऊळ. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. वर ऊन, खाली गारवा आणि अंधार. मी पिंडीसमोर बसून पेढ्याबद्दल क्षमा मागितली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता त्या दोघी पोरी खरं बोलत होत्या, असं कोर्ट कधी म्हणणार?"

मला उत्तर देता आलं नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. मी स्वतः कितीदा लिहिलं आहे: आरोपी मयत, प्रकरण समाप्त. दोषी की निर्दोष, तो रकाना रिकामा राहतो. त्या मुली मोठ्या होतील, कुणीतरी कुजबुजत शंका काढेल, आणि दाखवायला निकालाचा कागद नसेल. तो त्यांचा हक्क होता आणि तो बायपासवर संपला. माझा विरोध त्या मेलेल्या माणसापेक्षा जास्त या मुलींसाठी आहे, हे मला बायकोच्या प्रश्नानंतर उमगलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोपीच्या आईवडिलांनी उच्च न्यायालयाला सांगितलं, की आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही, धावपळ झेपत नाही. अर्जदारच नको म्हणाला की फाईल बंद होते, इतकंच मला नोकरीत माहीत होतं. न्यायालयाने ती बंद केली नाही. ज्येष्ठ वकील मंजुळा राव यांना न्यायमित्र नेमलं. त्या उभ्या राहिल्या, बाजूला पक्षकार नाही, बाहेर लोकांचा रोष. आणि पोलिसांवर गुन्हा नोंदवायला हवा की नको, यावर त्यांनी कायदा वाचून दाखवला. एप्रिलमध्ये विशेष तपास पथकाचा आदेश झाला, पुढे प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं.

न्यायमित्राची ती बातमी मी कापून त्या तरुणाच्या दारात सरकवली. रविवारी तो वर आला, कात्रण हातात. म्हणाला, "काका, न्यायमित्र म्हणजे नक्की कुणाचा मित्र?" मी त्याला आत बोलावलं. बायकोने चहा ठेवला.