सण सरला, पुढे काय?

सज्जनहो, पुण्यात वर्षभर उत्सवांना खंड नाही. पाडवा, गणपती, दिवाळी. तसेच १५ ऑगस्ट नि २६ जानेवारी. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या इथे मुक्कामाला येतात, तेव्हा आम्ही भेटेल त्याच्या पायी लागतो, त्याला ‘माउली’ म्हणतो. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेनेही समतेचाच हक्क दिला. संतांनी तीच गोष्ट वाळवंटात शिकवली.

प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसाचा. पालख्या हडपसरकडे निघाल्या, मांडव सुटला, झेंडा उतरला. मग आमच्या उष्ट्या पत्रावळी झाडायला जो येतो, त्याला आम्ही काय म्हणतो? ‘अरे ए’? देव उत्सव मोजत नाही, वागणूक मोजतो. त्यालाही माउली म्हणून पाणी विचारले, तर सण पावला. नाही तर नुसता गलबला झाला, बाबांनो!